मॅग्नेटिक ड्रिल गर्डरला चिकटते खरी, पण ती निसटते कधी?

पुलाच्या गर्डरला किंवा कारखान्याच्या शेडच्या खांबाला जागेवरच भोक पाडायचं असेल तर काय करणार? गर्डर उचलून वर्कशॉपमध्ये नेता येत नाही. २० मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २२ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि हातातल्या ड्रिलने जाड पोलादात ते सरळ पाडणं अवघड असतं. अशा वेळी कामाला येते मॅग्नेटिक ड्रिल. बुडाशी विद्युतचुंबक, वर मोटर. बटण दाबलं की यंत्र पोलादाला घट्ट चिकटतं. आडव्या, उभ्या आणि अगदी उलट्या पृष्ठभागालासुद्धा.

पण मंडळी, दहा-पंधरा किलोचं हे यंत्र केवळ चुंबकाच्या भरवशावर तोललेलं असतं. म्हणून ही पकड कशी टिकते आणि कशी सुटते, हे माहीत हवं.

पकड कशावर ठरते?

यंत्राची सांगितलेली पकड जाड, सपाट आणि स्वच्छ पोलादावरची असते. चुंबकीय क्षेत्र पोलादातून वाहतं, आणि त्यासाठी पुरेशी जाडी लागते. प्लेट १०-१२ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर पकड कमी होत जाते. अशा वेळी चुंबकाच्या बरोबर खाली, प्लेटच्या मागच्या बाजूने आणखी एक जाड प्लेट क्लॅम्पने बसवतात. रंगाचा थर, गंज किंवा लोखंडाचा कीस मध्ये आला तरी पकड झपाट्याने घटते. म्हणून आधी जागा घासून, पुसून घ्यायची. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलवरही त्याचा भरवसा धरता येत नाही.

जोर लावला की पकड सुटते

लिव्हर दाबून तुम्ही कटर पोलादात ढकलता, तेव्हा पोलादही यंत्राला तेवढ्याच जोराने मागे ढकलतं. म्हणजे तुमचा जोर चुंबकाच्या विरुद्ध काम करतो! बोथट कटरला जास्त दाबावं लागतं, म्हणून बोथट कटर धोकादायक. भोक पडत नसेल तर जोर वाढवू नका, कटर बदला.

यात सहसा पोकळ कोअर कटर वापरतात. तो सगळं भोक न कोरता फक्त कडेची गोल खाच कापतो आणि मधला गाभा अखंड सोडतो. त्यामुळे काम पटकन होतं. सुरुवातीला हलका दाब, खाच पडली की एकसारखा दाब. कटर सारखा वर-खाली करू नये, कीस दातांखाली अडकतो.

वेग आणि तेल

भोक मोठं, तर वेग कमी. साध्या पोलादात २२ मिलिमीटरच्या एचएसएस कटरला मिनिटाला सुमारे ४३० फेरे पुरतात, १२ मिलिमीटरच्या कटरला सुमारे ८००. कटिंग ऑइल सतत हवं. उभ्या किंवा डोक्यावरच्या कामात मात्र तेल मोटरमध्ये उतरू शकतं, तिथे पेस्ट किंवा जेल वापरतात.

वीज गेली तर?

विद्युतचुंबक विजेवर चालतो. वीज गेली, वायर ओढली गेली किंवा कुणी चुकून स्विच बंद केला, की पकड संपली. म्हणून सेफ्टी चेन प्रत्येक वेळी गर्डरभोवती, ढील न ठेवता बांधायची. उंचीवर तर ती नसेल तर काम सुरूच करू नये.

आणखी काही गोष्टी: खाली कुणी उभं राहू नये, कारण शेवटी गरम गाभा सटकन खाली पडतो. डोळ्यांवर गॉगल हवा. फिरत्या कटरजवळ हातमोजे, सैल बाह्या नकोत. कीस ब्रशने काढा, तोही यंत्र बंद करून. त्याच गर्डरवर वेल्डिंग चालू असेल तर ड्रिल लावू नका. पेसमेकर असलेल्यांनी या यंत्रापासून लांब राहावं.

तुमच्या ओळखीत कुणी फॅब्रिकेशनचं काम करत असेल, तर त्यांना हे नक्की वाचायला द्या. साखळी बांधायला एखादं मिनिट लागतं, आणि खाली काम करणाऱ्याचा जीव त्या एका मिनिटावर अवलंबून असतो.