बासरीच्या साथीला गिटार: कॅपोची तजवीज
१९१८ साली माधव संगीत विद्यालय स्थापन झालेल्या ग्वाल्हेरात, त्यातही लष्कर भागातील टोपी बाजाराच्या आसमंतात वाढलेल्या मराठी माणसाला, षड्ज गायकाच्या मर्जीबरहुकूम हलतो हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु बासरीचा षड्ज तिच्या लांबीने आणि छिद्रांनी कायमचा मुक्रर झालेला असल्यामुळे, साथीच्या गिटारवाल्यालाच आपला मुक्काम हलवावा लागतो.

कॅपो म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा; तो जितक्या पडद्यांवर चढवावा, तितके अर्धस्वर सारे सूर वर सरकतात. बासरी पांढरी दोनची, म्हणजे डीची, असल्यास कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावून सी, एफ, जी, ए मायनर हेच परिचित आकार धरावेत. कानी पडतात ते डी, जी, ए आणि बी मायनर. पांढरी तीनसाठी तो चौथ्यावर जातो. तेथे नाद फार बारीक होतो, म्हणून मी दुसऱ्यावरच ठेवून डीचे आकार पसंत करतो.

आयरिश शिट्टीचा सूर मात्र सर्व छिद्रे बंद असतानाचा सांगतात आणि आपल्या बासरीचा षड्ज वरची तीन बंद असतानाचा, म्हणून वादक यांपैकी कोणता सूर सांगतो हे आधी विचारून घ्यावे. भूप राग वाजत असेल, तर एफ आणि जी हे दोन्ही आकार वर्ज्य, कारण त्यांत अनुक्रमे मध्यम व निषाद हे भूपात नसलेले स्वर येतात; सी आणि ए मायनरवरच भागवावे.