वेदनाशामक औषध कसे घडते?

‘दुखणे थांबेल, पण सवय लागणार नाही, असे औषध नाही का?’ रुग्णांचे नातेवाईक आम्हास हा प्रश्न वारंवार विचारतात. औषधशास्त्रही शंभरहून अधिक वर्षे याच प्रश्नाच्या उत्तराच्या शोधात आहे.

अफूतील मॉर्फिन मेंदूतील व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींत कुलपात किल्ली बसावी तसे बसते आणि वेदनेची जाणीव मंदावते. परंतु त्याच ग्राहींमार्फत श्वसनही मंदावते व व्यसनाचा धोका संभवतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी किल्लीचा आकार बदलून पाहिला. १८९८ साली जर्मनीत हेरॉइन हे खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून विक्रीस आले. पुढे ते भयंकर व्यसन ठरले. १९६० साली पॉल यान्सेन यांनी घडविलेले फेंटॅनिल मॉर्फिनच्या सुमारे १०० पट प्रभावी आहे. शस्त्रक्रियागृहात ते वरदान, तर गैरवापरात प्राणघातक.

अलीकडे संशोधकांनी कुलूपच निराळे निवडले. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या चेतातंतूंवर सोडियमचे सूक्ष्म मार्ग असतात. त्यांपैकी मुख्यतः मेंदूबाहेरील चेतातंतूंत आढळणारा एक मार्ग रोखणारे सुझेट्रिजिन अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी अल्पकालीन वेदनांसाठी मंजूर झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले होते. मात्र कंबरेतून पायात जाणाऱ्या कळांच्या चाचणीत दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम वाटला.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. वेदना मोजणारे यंत्र नाही. रुग्णाने ० ते १० यांपैकी सांगितलेला अंक हेच माप. उपचाराच्या आशेनेही दुखणे उणावते. म्हणून कोणास खरे औषध मिळाले, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवतात. प्रयोगशाळा व प्राणी यांवरील परीक्षेनंतर प्रथम मोजक्या, बहुधा निरोगी स्वयंसेवकांवर, मग काही रुग्णांवर आणि अखेरीस मोठ्या संख्येतील रुग्णांवर चाचणी होते. भारतात २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची मान्यता व सहभागी व्यक्तीची लेखी संमती आवश्यक असून, तिला केव्हाही माघार घेता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे.

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र आहे. रेणू घडविण्याची विद्या आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या दाराशी आली, ही समाधानाची बाब होय.

तथापि नव्या औषधाची वाट पाहताना आजचा रुग्ण तळमळत राहू नये. शेतात वा पोलाद कारखान्यात राबणाऱ्यांनी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्यास जठर व मूत्रपिंडे यांना अपाय होऊ शकतो. याउलट, व्यसनाच्या भयाने कर्करुग्णास मॉर्फिन नाकारणे म्हणजे त्याला विनाकारण यातना देणे होय. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते रुग्णालयांना मिळविणे सुलभ केले आहे. योग्य मात्रेत व डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षितपणे देता येते. नातेवाइकांनी मनातील शंका निःसंकोच विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे.