चुकांची वही

माझी भाची बिश्केकहून डॉक्टरकीची पदवी घेऊन घाटकोपरला परतली, तेव्हा बहिणीने अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. दुसऱ्याच दिवसापासून शेजारीपाजारी रक्ताचे रिपोर्ट घेऊन दारात येऊ लागले. ती बिचारी प्रत्येकाला सांगायची, "खाला, मला अजून औषध लिहून द्यायची परवानगी नाही." लोकांना नवल वाटायचं. पदवी मिळाली, मग परवानगी कसली?

आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज परदेशात वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. परत आल्यावर त्यांच्यापैकी बहुतेकांना एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. २००२ पासून ती घेतली जाते, साधारणपणे वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. १५०-१५० असे एकूण ३०० प्रश्न असतात आणि प्रत्येक भागाला अडीच तास मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पास व्हायला १५० गुण लागतात. बसणाऱ्यांपैकी निम्मेही पास होत नाहीत, हा नेहमीचा अनुभव आहे.

भाची पहिल्या खेपेला बारा गुणांनी राहिली. अभ्यास कमी नव्हता. फजरनंतर बसायची ती दुपारपर्यंत उठत नसे. रोज दोनशे-अडीचशे सराव प्रश्न सोडवायची, गुण मोजायची आणि पुढच्या संचाकडे वळायची. चुकलेल्या प्रश्नांकडे मात्र पुन्हा बघायची नाही. मला म्हणाली, "खाला, चुका बघितल्या की रडू येतं."

एके दिवशी मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, चुकलेला एक प्रश्न मला समजावून सांग. प्रश्न असा होता : तीस वर्षांचा तरुण दहा दिवसांपूर्वी पुराच्या पाण्यातून चालत गेला. आता त्याला ताप आहे, पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल झालेत आणि कावीळ दिसते. निदान काय? तिने यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचं नाव निवडलं होतं. बरोबर उत्तर लेप्टोस्पायरोसिस होतं. मला समजावताना ती मध्येच थांबली. "मी कावीळ वाचली आणि उत्तर ठोकलं. पाणी, पोटऱ्या, लाल डोळे मी वाचलेच नाहीत."

मुंबईत राहणाऱ्यांना हा आजार नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने लेप्टोचे कितीतरी रुग्ण पाहिले. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो, पायाला जखम असेल तर धोका अधिक. म्हणून पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्या, असं महापालिका सांगत असते. कागदावर ती चूक एका गुणाची होती. पण कुर्ल्याच्या किंवा अंधेरीच्या दवाखान्यात असा रुग्ण समोर बसला असता तर?

त्या दिवसापासून तिने चुकांची वही सुरू केली. रोज शंभरच प्रश्न, पण चुकलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहायचं : माहीतच नव्हतं, माहीत होतं पण विसरले, की घाईत वाचलं. महिनाभराने पाहिलं तर तिसऱ्या कारणाचीच गर्दी होती. तिला पुस्तकं वाढवायची गरज नव्हती, वाचायचा वेग आवरायचा होता. दुसरं म्हणजे कोणत्या विषयाला किती गुण आहेत ते तिने मांडून पाहिलं. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य हे चार विषय मिळून सव्वाशेच्या आसपास गुणांचे आहेत. सामुदायिक आरोग्य तिने सोपं म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्याचेच ३० गुण. तिसरं, या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

घरानेही थोडं केलं. दोन खोल्यांचं घर, त्यामुळे दर रविवारी सकाळी अडीच तास आणि दुपारी अडीच तास टीव्ही बंद, पाहुणे बंद. तेवढ्यात ती अख्खी सराव परीक्षा द्यायची. माझ्या बहिणीने "किती मार्क पडले?" विचारणं सोडलं आणि "आज काय नवीन कळलं?" विचारू लागली. लग्नाचा विषय काढणाऱ्या नातेवाइकांना दुलाभाईंनी स्वतः उत्तर दिलं, मुलीपर्यंत तो पोहोचूच दिला नाही.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली, अल्हम्दुलिल्लाह. आता इंटर्नशिप सुरू आहे. वही अजून तिच्या बॅगेत असते. ज्यांच्या घरात असं मूल अभ्यासाला बसलंय, त्या आईवडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं : चुकलेल्या उत्तराची त्याला लाज वाटू देऊ नका. चूक आज वहीत सापडली, तर ती उद्या रुग्णावर होणार नाही.