सुटलेलं कॉलेज, जुने श्रेयांक
वाशिम, रिसोड, कारंजा कुठेही असा. पदवी अर्धवट सुटली असेल तर आधी गुणपत्रिकेवरचं साल पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनुसार 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या श्रेयांक (क्रेडिट) साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात शैक्षणिक वर्ष 2021-22 पासूनचेच श्रेयांक चालतात आणि ते साधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. खातं डिजिलॉकरवर उघडतं, श्रेयांक मात्र विद्यापीठच भरतं. खातं रिकामं दिसलं तर गुणपत्रिकांच्या प्रती जोडून कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

लग्नामुळे किंवा शेतीपायी 2005 च्या सुमारास बी.ए. सुटलेल्यांना ही बँक उपयोगाची नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जुने गुण धरायचे की नाही, हे प्रवेश देणारं विद्यापीठ ठरवतं. फी भरण्याआधी लेखी उत्तर मागा. नकार आला तरी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा (स्थापना 1989) रस्ता आहे. त्याचं विभागीय केंद्र अमरावतीत आहे. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.