हौसिंग उघडण्याआधी

मोटारीच्या मागच्या बाजूने येणारा अनोळखी आवाज हा वाहनदुरुस्तीतील सर्वांत फसवा पुरावा होय, कारण तो जिथे ऐकू येतो तिथेच उपजलेला असतो असे मुळीच नाही. पोलादी सांगाड्यातून कंपने हवेपेक्षा कितीतरी वेगाने आणि फारशी क्षीण न होता पुढे जातात, वाटेतल्या एखाद्या पत्र्याची लय त्या कंपनांशी जुळली की तो पत्राच घुमू लागतो, आणि डाव्या मागच्या चाकातील झिजलेल्या बेअरिंगची घरघर चालकाला आपल्या आसनाखाली किंवा चक्क उजव्या बाजूला ऐकू येते. म्हणूनच आवाज कुठून येतो या प्रश्नापेक्षा तो केव्हा बदलतो हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो, आणि मागच्या ॲक्सलच्या निदानाचे सगळे कसब या दुसऱ्या प्रश्नाभोवती उभे आहे.

महाराष्ट्रात हे कसब टिकून राहण्याचे कारण इथल्या रस्त्यांवरील गाड्यांत आहे. मुंबईत महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी सुरू केली तेव्हापासून मागच्या चाकांना ताकद देणारी, अखंड ॲक्सलची आणि पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेली गाडी हीच ग्रामीण भागाची गाडी राहिली. २००० साली आलेली आणि नाशिकला तयार होणारी बोलेरो त्याच घराण्यातली, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप म्हणून प्रवासी वाहणाऱ्या ट्रॅक्स गाड्याही त्याच घडणीच्या. शहरातील बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांच्या मागच्या चाकांत बेअरिंग, ब्रेक व टायर एवढेच आवाजाचे धनी असतात; मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र इंजिनाची सगळी ताकद मागे नेणारी एक लांबलचक साखळी असते आणि तिचा प्रत्येक दुवा आवाज करू शकतो.

या साखळीतील पहिला दुवा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, अर्थात गिअरबॉक्सपासून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारी पोकळ पोलादी नळी. मागचा ॲक्सल खड्ड्यांवर सतत वरखाली होत असल्याने या नळीच्या टोकांना कोनात वळू शकणारे युनिव्हर्सल जॉइंट लागतात, आणि त्यांच्या गाभ्यातील चार टोकांच्या तुकड्याला गॅरेजात नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. शाफ्ट मागे जिथे संपतो तिथे ॲक्सलच्या मधोमध फुगलेले ओतीव पोट असते, ते हौसिंग. त्याच्या आत पिनियन हे छोटे दातेरी चाक क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला काटकोनात फिरवते, क्राउनला जोडलेला डिफरेन्शियल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, आणि तिथून निघालेले दोन ॲक्सल शाफ्ट चाकांपर्यंत पोहोचतात.

या यंत्रणेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शियल योजला, आणि लुई रेनॉ याने १८९८ साली आपल्या छोट्या मोटारीत साखळीऐवजी शाफ्टने मागचा ॲक्सल फिरवला. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने तिरक्या दात्यांची चाके कापण्याची यंत्रे घडवली आणि १९२० च्या दशकात हायपॉइड नावाची रचना व्यवहारात आणली, जी पॅकार्ड कंपनीने १९२६ साली आपल्या मोटारींत वापरली. हायपॉइड रचनेत पिनियनचा आस क्राउनच्या मध्यरेषेवर न ठेवता खाली सरकवलेला असतो, त्यामुळे शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ खाली आणता येतो, पिनियन अधिक मोठा व भक्कम करता येतो आणि एका वेळी अधिक दाते एकमेकांत गुंतल्यामुळे आवाज कमी होतो.

पण या रचनेची एक किंमत आहे, आणि मागच्या ॲक्सलची बहुतेक दुखणी त्या किमतीतून निघतात. हायपॉइडचे दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासत सरकतात, आणि हे घर्षण प्रचंड दाबाखाली होत असल्याने साधे तेल तिथे पिळून बाहेर फेकले जाते व धातू धातूला भिडतो. त्यासाठी गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेले खास तेल लागते, जे दात्यांच्या पृष्ठभागाशी रासायनिक संयोग पावून एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार करते. हौसिंगचे बूच उघडताच नाकात शिरणारा तो उग्र दर्प याच गंधकाचा असतो. एवढी निगा राखूनही क्राउन-पिनियनची जोडी फार मानी असते. ती कारखान्यात एकमेकांवर घासूनच जुळवलेली असते, दोन्हींवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो, आणि एक खराब झाले म्हणून फक्त तेवढेच बदलणे म्हणजे नव्या आवाजाला निमंत्रण देणे होय.

कसबी मिस्त्री हौसिंगला पाना लावण्याआधी गाडी रस्त्यावर काढायला सांगतो आणि स्वतः आधी पुढे, मग मागच्या आसनावर बसतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तो चालकाला एकाच वेगाच्या आसपास तीन गोष्टी करायला लावतो: ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावणे, पाय पूर्ण काढून इंजिनाने गाडी रोखायला लावणे, आणि मधल्या तोलावर, म्हणजे ना ओढ ना रोख अशा अवस्थेत, गाडी नुसती तरंगत ठेवणे. ओढीच्या वेळी दात्याची एक बाजू भार घेते आणि रोखीच्या वेळी दुसरी, म्हणून क्राउन-पिनियनचा हुंकार या अवस्थांबरोबर उमटतो, मावळतो किंवा सूर पालटतो, आणि बहुधा ठरावीक वेगांच्या अरुंद पट्ट्यातच ऐकू येतो. चाकाच्या बेअरिंगला या भाराचे विशेष सोयरसुतक नसते. गिअर न्यूट्रलला टाकला तरी त्याची घरघर वेगाबरोबर चालूच राहते. तिथे कसोटी वेगळी लागते: गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली की वजन एका बाजूच्या चाकांवर जाते, उजवीकडे वळताना डाव्या बाजूवर आणि डावीकडे वळताना उजव्या बाजूवर, आणि ज्या झोक्याला घरघर वाढते त्याच्या विरुद्ध अंगाचे बेअरिंग संशयित ठरते. फक्त वळणावर येणारा आवाज डिफरेन्शियलच्या आतील छोट्या दातेरी चाकांकडे बोट दाखवतो, कारण सरळ रस्त्यावर ती आपल्या खिळीवर फिरतच नाहीत. पहिल्यावरून रिव्हर्सला जाताना येणारा ‘खट्’ असा ठोका मात्र कुणा एकाचा नसतो; क्रॉसची, स्प्लाइनची (म्हणजे शाफ्टच्या जोडातील लांबट खाचांची) आणि दात्यांमधील मोकळीक, ज्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात, यांची ती बेरीज असते.

या ऐकण्याला गणिताचा भक्कम आधार आहे, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. समजा टायरचा घेर २.२ मीटर आहे, क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते आहेत, आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने जात आहे. अशा वेळी चाक सेकंदाला साधारण ७.६ फेरे घेते, शाफ्ट त्याच्या ४.१ पट म्हणजे ३१ फेरे घेतो, आणि पिनियनचे दाते सेकंदाला सुमारे ३११ वेळा क्राउनशी भिडतात. टायरला आलेला फुगवटा त्यामुळे मोजता येईल असा धप्-धप् ठोका देतो. कोनात वळणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग बदलवतो, म्हणून त्याची थरथर सेकंदाला ६२ च्या आसपास असते आणि कानापेक्षा पायाखालच्या पत्र्याला आधी जाणवते. आणि क्राउन-पिनियनचा आवाज मात्र खरोखरच गाता येईल असा सूर असतो. बेअरिंग या तिन्हींपेक्षा निराळे वागते, कारण त्यातील रोलरांचा संच आसाच्या निम्म्याहून थोड्या कमी गतीने फिरतो आणि ‘कप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाहेरच्या कड्यातील खळगीवरून रोलर जाण्याची वारंवारता चाकाच्या फेऱ्यांच्या पूर्णांकी पटीत बसत नाही. म्हणून त्याचा आवाज सुरेल न होता खरखरीत राहतो. पिनियनची बेअरिंगे चाकाच्या चौपट गतीने फिरत असल्यामुळे त्यांची कुरकुर फार कमी वेगापासूनच सुरू होते आणि तिचा स्वर चढा असतो. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या वाहनसंशोधन संस्थेत ध्वनी व कंपनांची प्रयोगशाळा आहे आणि तिथे हेच विश्लेषण संवेदक लावून होते. गॅरेजातील मिस्त्री आकडे न मांडता त्याच वर्गीकरणापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट आदराने नोंदवण्यासारखी आहे.

हौसिंग उघडलेच तर सर्वांत देखणी परीक्षा शेंदराची असते. तेलात कालवलेला शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, क्राउनच्या काही दात्यांना पातळ लावतात, पिनियन फिरवतात, आणि दोन दात्यांची भेट जिथे झाली तिथला शेंदूर पुसून धातूचा लांबट ठसा उमटतो. ठसा दात्याच्या मध्याशी असेल तर बैठक बरोबर. बुडाशी उतरला तर पिनियन क्राउनच्या फार जवळ गेलेला आहे, आणि टोकाशी चढला तर तो दूर राहिला आहे. पिनियनच्या बेअरिंगमागे बसणारी शिम, म्हणजे कागदासारखी पातळ पोलादी चकती, बदलून ही खोली साधतात, तर क्राउन आजूबाजूला सरकवून प्ले साधतात, जो डायल गेजवर अनेक गाड्यांत ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान अपेक्षित असतो. शिसे विषारी असल्याने आता त्याऐवजी पिवळे किंवा निळे लेप वापरणे श्रेयस्कर, पण ठसा वाचण्याची रीत तीच आहे.

निदानाच्या खऱ्या अडचणी मात्र इथून पुढे सुरू होतात. पहिली अडचण टायरची. एकसारखे न झिजलेल्या टायरवर उंचसखल लाटा पडतात आणि त्यांचा घुमणारा आवाज बेअरिंगच्या घरघरीशी इतका मिळताजुळता असतो की निर्दोष बेअरिंगे निष्कारण बदलली जातात. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही; डांबरी रस्त्यावरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर येताच सूर पालटला तर संशय टायरवर जायला हवा, पण काँक्रीटवरील आडव्या रेघांचा स्वतःचा सूर असतो आणि तो नवशिक्याला चकवतो. पुढचे व मागचे टायर अदलाबदल करून आवाज जागा बदलतो का हे पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो सर्वांत कमी वेळा केला जातो.

दुसरी अडचण गाडी उचलून ऐकण्याची. जॅकवर घेतलेल्या गाडीचा ॲक्सल खाली लोंबतो, क्रॉसचे कोन वाढतात आणि रस्त्यावर कधीही नसणारे आवाज तिथे उमटतात, तर भाराखाली येणारे खरे आवाज गप्प होतात. एकच चाक उचलून गिअरमध्ये फिरवले तर डिफरेन्शियलमुळे ते दुप्पट गतीने फिरते आणि गाडी स्टँडवरून निसटण्याचा धोका असतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकण्याची जुनी पद्धत अशा वेळी जिवावर बेतू शकते.

तिसरी अडचण पावसाची. ॲक्सलच्या हौसिंगला श्वास घेण्यासाठी एक छोटी नळी असते आणि ती चिखलाने बुजली की गरम झालेले हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरताच आतील हवा आकसते व सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. कोकणातील पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे लहान पूल ओलांडणाऱ्या गाड्यांत म्हणूनच तेल दुधाळ होते, आणि त्याचा आवाज काही महिन्यांनी, पावसाशी संबंध जोडायला कुणाच्या लक्षात राहू नये इतक्या उशिरा येतो.

याहून गंभीर प्रश्न ऐकण्याची सवयच मोडत चालल्याचा आहे. नव्या मोटारींत चाकाचे बेअरिंग हबसकट बंद नग म्हणून येते आणि ते खोलून पाहण्याची सोय नसते. सुटे भाग बदलत जाऊन आवाज थांबेपर्यंत पैसे घेण्याची पद्धत त्यातून रूढ होते, आणि शिकाऊ मुलाला गाडीत बसवून ऐकायला लावणारा उस्ताद दुर्मीळ होतो. विद्युत मोटारींमुळे ही उणीव अधिक बोचेल, कारण इंजिनाच्या आवाजाचे पांघरूण निघून गेल्यावर दात्यांचा बारीकसा हुंकारही उघडा पडतो. २०२४ च्या अखेरीस सादर झालेल्या महिंद्रच्या नव्या विद्युत मोटारींत तर मोटर मागच्या ॲक्सलवरच बसते.

सर्वांत हट्टी अडचण मात्र जुन्या क्राउन-पिनियनचीच आहे. वर्षानुवर्षे चुकीच्या बैठकीवर चाललेले दाते त्याच बैठकीला झिजून शांत झालेले असतात, आणि खराब बेअरिंग बदलून बैठक नियमाप्रमाणे बरोबर केली की ते न झिजलेल्या जागी भिडतात. घरघर थांबते आणि पूर्वी नसलेला हुंकार सुरू होतो. मालकाला ही शक्यता काम हाती घेण्याआधी सांगणे हा प्रामाणिक मिस्त्रीचा धर्म आहे, कारण नव्या जोडीचा खर्च मोठा असतो आणि नुसत्या हुंकारावर गाडी पुष्कळ काळ चालू शकते. निर्णय बहुतेकदा तेलाच्या बुचावरील चुंबक पाहून होतो: त्यावर बोटांवर पसरणारा करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय; पण नखाला टोचणारे चकचकीत कपचे निघाले, तर दात्याचा किंवा रोलरचा तुकडा पडू लागला आहे आणि पिनियन अडकल्यास मागची दोन्ही चाके जागीच आवळली जाऊ शकतात, म्हणून ती गाडी हौसिंग उघडल्याशिवाय घाटात घालू नये.