महापालिकेचं मुख्यालय कुठे असावं? – वर्गात घेण्यासारखा एक वादविवाद



सहावीच्या नागरिकशास्त्रातला 'शहरी स्थानिक शासनसंस्था' हा पाठ आपण बहुतेक सगळे एकाच वाटेने शिकवतो. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. मग महापौर, आयुक्त, स्थायी समिती. मग आवश्यक कामं आणि ऐच्छिक कामं. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सुट्टीत विसरून जातात.

एका वर्षी मी पाठ सुरू करण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. "महापालिकेचं मुख्य कार्यालय शहरात कुठे असावं?" आणि गप्प बसले.

आधी सोपी उत्तरं आली. मोठ्या रस्त्यावर, मॉलजवळ, जिथे भरपूर पार्किंग आहे तिथे. एकाने तर "डोंगरावर, म्हणजे लांबून दिसेल" असंही सांगितलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, माझ्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला आईला दोनदा जावं लागलं. दोन दिवसांचा खाडा झाला. कार्यालय जवळ असतं तर ती काम उरकून दुपारी जाऊन आली असती."

वर्ग एकदम शांत झाला. तोपर्यंत आम्ही इमारतीबद्दल बोलत होतो. तिने आम्हाला इमारतीपर्यंत जाणाऱ्या माणसाबद्दल बोलायला लावलं.

या लेखात हाच वादविवाद वर्गात कसा उभा करता येईल आणि त्यासाठी कोणती माहिती हाताशी हवी, ते सांगते. उदाहरण घेते नवी मुंबईचं, कारण 'कार्यालयं हलवायची का' या वादातूनच हे शहर जन्माला आलं.

न हललेलं कार्यालय

१९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांवर होती. १९७१ मध्ये ती ५९ लाखांच्या पुढे गेली. मुंबईचा आकार नकाशावर मुलांना दाखवा. दक्षिणेकडे निमुळतं होत गेलेलं बेट दिसेल. सरकारी कचेऱ्या, बँका, गोदी, बाजार सगळं त्या दक्षिण टोकाला. माणसं मात्र राहायला उत्तरेकडे सरकत चाललेली. म्हणजे सकाळी सगळ्या गाड्या दक्षिणेकडे भरून जाणार आणि संध्याकाळी उत्तरेकडे भरून येणार.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक वेगळी कल्पना मांडली. शहर उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेच्या मुख्य भूमीवर नवं शहर वसवावं. पण नुसती घरं बांधून माणसं तिकडे जाणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. माणूस कामाच्या मागे जातो. म्हणून काम तिकडे न्यायला हवं, आणि काम देणारं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे राज्य सरकार. मंत्रालय आणि त्याची खाती नव्या शहरात नेली, तर बाकीचे आपोआप मागे येतील, असा हा विचार होता.

हा मुद्दा मुलांना नीट उलगडून सांगावा लागतो. मोठं कार्यालय एकटं कधीच नसतं. त्याच्या दारात चहाची टपरी येते, झेरॉक्सवाला येतो, मुद्रांक विक्रेता येतो. टायपिस्ट, नोटरी, वकील येतात. कर्मचाऱ्यांसाठी बस सुरू होते, त्यांच्या मुलांसाठी शाळा निघते. कार्यालय हललं की हे सगळं गणगोत सोबत निघतं. तुमच्या जवळच्या तहसील कचेरीबाहेर मुलांना दहा मिनिटं उभं करा. पुस्तकातलं पान वाचून जे कळत नाही, ते तिथे दिसेल.

सरकारने नव्या शहराची कल्पना स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. पुढे काही वर्षं चार्ल्स कोरिया हे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकारही होते. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा भाग नव्या शहरासाठी ठरवण्यात आला. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला.

पण मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच काळात समुद्रात भराव घालून तयार झालेल्या नरिमन पॉइंटवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. म्हणजे एका हाताने गर्दी पांगवायची योजना आणि दुसऱ्या हाताने त्याच टोकाला आणखी गर्दी. एक गंमतही मुलांना सांगा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचं मुख्य कार्यालय बेलापूरला आहे, पण नोंदणीकृत कार्यालय मात्र नरिमन पॉइंटला!

काही गोष्टी खाडीपलीकडे गेल्या, हेही सांगायला हवं. कोकण विभागीय आयुक्तांचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आलं. मुंबईतले कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळं, भाजीपाला यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे भागात आले आणि हजारो लोकांचा रोजगार सोबत आला. पण लोकल गाडी वाशीला पोचली ती १९९२ साली. म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. तोवर घर खाडीच्या या बाजूला आणि नोकरी त्या बाजूला असलेल्या माणसाला बसशिवाय फारसा इलाज नव्हता.

मंत्रालय न हलवण्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत, ते झाकून ठेवू नका. सरकारी खात्यांचं काम उच्च न्यायालय, बँका, विधिमंडळ यांच्याशी रोज पडतं. एकच कार्यालय उचलून नेलं आणि बाकीची तिथेच राहिली, तर अधिकाऱ्यांचा आणि नागरिकांचाही अर्धा दिवस प्रवासात जाणार. हलवायचं तर सगळं हलवा, नाहीतर काहीच नको, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे.

हललेलं कार्यालय

आता महापालिकेकडे वळू. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. मुख्यालय बेलापूरच्या सीबीडी भागातल्या बेलापूर भवनात होतं. २०१४ मध्ये ते किल्ले गावठाणाजवळ, पाम बीच मार्गाच्या टोकाला बांधलेल्या नव्या इमारतीत गेलं. घुमट असलेली ती पांढरी वास्तू आणि समोरचा उंच तिरंगा अनेकांनी पाहिला असेल.

इथे मुलांच्या हातात नकाशा द्या. महापालिकेचं क्षेत्र सुमारे १०९ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख २० हजार. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे लांबट पट्टी. उत्तर टोकाला दिघा, मग ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरुळ आणि दक्षिण टोकाला बेलापूर. मुलांना पट्टीने मधला बिंदू शोधायला सांगा. मग मुख्यालयाची खूण करायला सांगा. आधीचं मुख्यालयही दक्षिण टोकाला आणि नवंही दक्षिण टोकालाच, हे त्यांचं त्यांना दिसेल. तुम्ही काही बोलायची गरज नाही.

आता दोन गट करा आणि विषय द्या: 'महापालिकेचं मुख्यालय शहराच्या मध्यभागीच असावं.'

अनुकूल गट म्हणेल, दिघ्याच्या माणसाला पूर्ण शहर ओलांडून यावं लागतं. दिघ्याला तर कित्येक वर्षं स्वतःचं स्टेशनही नव्हतं. दिघा गाव स्थानक सुरू झालं ते जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधी आधी ऐरोली गाठा, मग गाडी पकडा. बेलापूरला उतरल्यावर पुन्हा रिक्षा किंवा बस. नोकरदार माणसाला गाडीतून पाम बीच रस्त्याने जाणं सोपं; रोजंदारीवरच्या माणसाला तो प्रवास म्हणजे त्या दिवसाची कमाई.

प्रतिकूल गट म्हणेल, बेलापूरची आखणीच मुळात शहराचं कामकाजाचं केंद्र म्हणून झाली आहे. सिडको भवन, कोकण भवन जवळ आहेत. एकाच फेरीत दोन-तीन कामं होतात. दुसऱ्याच्या इमारतीतल्या अपुऱ्या मजल्यांपेक्षा स्वतःची वास्तू बरी. शिवाय मध्यभागी, म्हणजे वाशी-तुर्भे परिसरात, आधीच बाजारांची आणि ट्रकची गर्दी आहे. तिथे आणखी भर कशाला?

दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. वादविवादासाठी हेच हवं.

मधला रस्ता: विभाग कार्यालय

वाद रंगात आला की एखादं मूल हमखास विचारतं, "पण दाखला काढायला मुख्यालयात जावंच का लागतं?" हा प्रश्न आला की पाठ जिंकलात असं समजा.

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३-एस नुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असायला हव्यात. विचार साधा आहे. शहर मोठं झालं की कारभार नागरिकाच्या जवळ आणायचा. वर सांगितलेल्या आठही भागांत नवी मुंबई महापालिकेची विभाग कार्यालयं आहेत. म्हणजे मुख्यालय कुठेही असलं तरी रोजची कामं जवळ होऊ शकतात. अट एकच. त्या कार्यालयाला निर्णयाचा अधिकार हवा. तिथल्या बाई कागद बघून "हे वर पाठवावं लागेल" म्हणाल्या, की नागरिकाचं अंतर पुन्हा तेवढंच झालं.

पालकांपैकी कुणीतरी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे. खरं आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्कही दिला आहे. पण सगळंच मोबाइलवर होत नाही. विकास आराखड्यावर हरकत घेतली की सुनावणीला हजर राहावं लागतं. पाणी येत नसेल तर वस्तीतल्या बायका हंडे घेऊन जातात त्या कार्यालयाच्या दारात, संकेतस्थळावर नाही. मुंबई महापालिकेची १८९३ मध्ये पूर्ण झालेली इमारत बोरीबंदरच्या स्टेशनसमोरच आहे. गाडीतून उतरलेला माणूस रस्ता ओलांडला की तिच्या दारात. मुख्यालयाची जागा ठरवताना 'इथे सामान्य माणूस पायी येऊ शकेल का' हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तिथे आधी कोण होतं?

नव्या जागेची चर्चा करताना आणखी एक प्रश्न मुलांना विचारायला लावा. ही जागा आधी कुणाची होती?

नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी आणि इतर कुटुंबांच्या जमिनी संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात, जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नकाशावर रिकामी दिसणारी जागा बहुतेक वेळा रिकामी नसते, हे मुलांना शहराच्या भूगोलाइतकंच कळायला हवं.

निर्णय कोण घेतं?

पुस्तकात लिहिलेलं असतं की लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक सर्वसाधारण सभेत निर्णय घेतात. पण नवी मुंबईत मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. अशा काळात एखादी मोठी इमारत बांधायची ठरली, तर विरोधात हात वर कोण करणार? हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवा. उत्तर देण्याची घाई नको.

वर्गात घेताना

दोन तासिका पुरतात. पहिलीत माहिती आणि नकाशा, दुसरीत वादविवाद. चार भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा: रोजंदारीवर जाणारी आई, निवृत्त आजोबा, महापालिकेचे अभियंता, कार्यालयाबाहेरचा झेरॉक्सवाला. नियम एकच ठेवा: प्रत्येक मुद्द्यात एक माणूस आणि त्याचा लागणारा वेळ किंवा खर्च आला पाहिजे. 'शहराचा विकास होईल' एवढंच वाक्य चालणार नाही. कुणाचा, कसा, ते सांगावं लागेल. या एका नियमामुळे भाषणबाजी निम्मी कमी होते, हा माझा अनुभव आहे.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी पालिकेच्या विभाग कार्यालयात काम निघालं, तर शाळा नसलेल्या दिवशी मुलाला सोबत न्या. घरातून निघाल्याची वेळ, तिकिटाचे पैसे, रांगेतला वेळ आणि परत आल्याची वेळ त्याला वहीत लिहू द्या.

माझ्या वर्गात त्या मुलीने नंतर अशीच नोंद आणली होती. आईला विचारून तिने दोन्ही दिवसांचा हिशोब मांडला होता: बसचं भाडं, रिक्षाचं भाडं आणि बुडालेली मजुरी. खाली बेरीज केली होती आणि बेरजेखाली लिहिलं होतं, "दाखल्याची फी यात धरलेली नाही." ती वही मी पुढच्या वर्गांनाही दाखवते.