हंगामी उत्पन्न आणि वार्धक्याची तरतूद : विंचूरच्या संदर्भात एक विवेचन

वार्धक्यासाठी करावयाच्या बचतीचा विचार सामान्यतः पगारदार मनुष्य डोळ्यांपुढे ठेवून केला जातो. त्याची मिळकत मासिक, निवृत्तीचे वय निश्चित आणि निधीची कपात वेतनातूनच होणारी असते. १९५२ चा कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीविषयक कायदा याच कल्पनेवर उभारलेला असून आरंभी तो केवळ सहा उद्योगांना लागू होता. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात मात्र वार्धक्य व आजारपण यांमध्ये सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा निर्देश असून तेथे पगारदार व बिगरपगारदार असा भेद केलेला नाही. व्यवहारात हा भेद कसा उत्पन्न होतो, हे नाशिक जिल्ह्यातील विंचूरच्या उदाहरणाने पाहता येईल.

विंचूर हे निफाड तालुक्यातील, नाशिक-येवला हमरस्त्यावरील गाव. लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे आहे. परिसरात द्राक्षे पिकतात. तथापि लहान शेतकऱ्याच्या हाती येणारी रोकड बव्हंशी कांद्याची असते. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो, चाळीत साठविला जातो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकला जातो. चाळीतील कांदा ही एका अर्थाने बचतच होय. परंतु ती वजनाने घटणारी, सडणारी आणि सरकारी निर्णयासरशी मोल गमावणारी बचत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशा उत्पन्नातून दरमहा ठराविक रक्कम बाजूस काढणे ही केवळ इच्छाशक्तीची बाब राहत नाही.

याउलट वार्धक्यातील खर्चास हंगाम नसतो. वैद्यकीय खर्चाचे येथे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला आकस्मिक व मोठा : शस्त्रक्रिया, हृदयविकार, अस्थिभंग. दुसरा लहान परंतु अखंड : रक्तदाब व मधुमेह यांची औषधे, तपासण्या, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी जाण्यायेण्याचे भाडे. पहिल्या प्रकारासाठी विम्याची तरतूद वाढली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्यात आले. परंतु हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात. सोळाव्या दिवसापासूनची गोळी रुग्णाने स्वतः घ्यावयाची असते. समजा, एका वृद्ध दांपत्यास औषधांसाठी दरमहा १,२०० रुपये लागले, तर भाववाढ न धरताही पंधरा वर्षांत ही रक्कम २,१६,००० रुपये होते. विमा ज्यास स्पर्श करीत नाही असा हा खर्च खऱ्या अर्थाने निवृत्तिवेतनाचा विषय आहे.

निवृत्तिवेतनाची स्थिती काय आहे? लहान व सीमांत शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू झाली. अठरा ते चाळीस वयाच्या शेतकऱ्याने वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तितकीच भर केंद्र सरकारने घालावयाची आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे, अशी तिची रचना आहे. तिच्यात दोन उणिवा दिसतात. प्रारंभीच ज्यांनी चाळिशी ओलांडली होती, त्यांना तिचे दार उघडलेच नाही. आणि वार्धक्याच्या उंबरठ्यावर तीच पिढी उभी आहे. दुसरे असे की, रक्कम भाववाढीशी जोडलेली नाही. भाववाढीचा दर वार्षिक ५ टक्के मानल्यास आज तीस वर्षांच्या शेतकऱ्यास साठाव्या वर्षी मिळणाऱ्या ३,००० रुपयांची क्रयशक्ती आजच्या सुमारे ७०० रुपयांइतकी राहील. निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे व तिचे मानधन २०२३ मध्ये दीड हजार रुपये करण्यात आले. परंतु ते साहाय्य आहे, बचतीचे फळ नव्हे.

परिणामी खरी तरतूद जुन्याच तीन आधारांवर उभी राहते : जमीन, सोने आणि मुलगा. सोने गहाण टाकता येते; परंतु जमीन विकली की औषधाबरोबर पुढील उत्पन्नही जाते आणि मुलावर भार टाकला की नातवाच्या शिक्षणाची रक्कम आजोबांच्या उपचारास लागते. एका पिढीचे आजारपण अशा रीतीने पुढील पिढीचे दारिद्र्य बनू शकते.

यावर विचार करताना दूर जाण्याचे कारण नाही. बाजाराच्या आवारात गोणी उचलणाऱ्या हमालासही पूर्वी निश्चित मालक नव्हता व मासिक वेतनही नव्हते. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. नोंदणीकृत कामगाराच्या मजुरीवर मालाच्या मालकाकडून जादा आकार घ्यावयाचा व मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आदी द्यावयाचे, ही पद्धती त्यातून रूढ झाली. नियमित नोकरी नसतानाही नियमित निधी निर्माण होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. कारण कपात महिन्याशी नव्हे, व्यवहाराशी जोडलेली आहे.

हेच तत्त्व शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीस लावता येईल काय, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे. हमाल आपले श्रम विकतो व त्याची मजुरी ठरलेली असते. शेतकरी माल विकतो व तो कित्येकदा उत्पादनखर्चाहूनही कमी भावाने विकतो. यास्तव सरसकट कपात अन्यायाची ठरेल. भाव विशिष्ट पातळीवर गेल्यासच वर्गणी घेणे, खरेदीदाराचाही वाटा ठेवणे आणि मंदीच्या वर्षी खाते खंडित न मानणे, या तीन अटी तिला आवश्यक दिसतात. बचतीची सवय लावण्याच्या उपदेशापेक्षा बचतीचा काळ उत्पन्नाच्या काळाशी जुळविणे अधिक फलदायी ठरेल. आणि त्या बचतीचे पहिले कार्य रुग्णालयाचे देयक नव्हे, तर दरमहाचे औषध भागविणे हे असावे.